पळायचे, सायकलचे घट्ट कपडे घालून मंडई, बँक, देऊळ: कुठे चालतं, कुठे अडतं?

पहाटवारा · रविवार, सकाळी ९.१०

पुण्यातल्या एका पहाटेच्या ग्रुपमध्ये नव्याने पळायला लागलेल्या चौघी-पाच जणींच्या वतीने विचारते आहे. सहा-आठ किलोमीटर पळून झालं की घरी जाण्याआधी वाटेतली कामं असतात: दूध, भाजी, एटीएम, कधी मुलांना स्कूल बसपर्यंत सोडणं. अंगात टाइट्स आणि आखूड टी-शर्ट. शेऱ्यांपेक्षा नजरांचा त्रास जास्त. त्यात एका सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आवारात योग्य पोशाखात वावरावे’ असा संदेश फिरला आहे.

‘आधी घरी जा, कपडे बदला’ हे उत्तर माहीत आहे, ते नको. ‘लोकांकडे लक्ष देऊ नका’ हेही नको. नेमकं हवं आहे: कुठे अडचण येते आणि का, कापड कसं निवडायचं, वरून काय घालायचं, देवळात काय करायचं, आणि कुणी फोटोबिटो काढला तर काय. ग्रुपमध्ये सायकलवाले पुरुषही आहेत, त्यांच्या चड्ड्यांबद्दलही कुणीतरी बोला, प्लीज.

---

टेकडीकर · ९.४५

लोकांना कापडाचा घट्टपणा खुपतो असं आपण धरून चालतो. ते तितकंसं खरं नाही. कुर्त्याखाली लेगिंग घालून बायका कितीतरी वर्षं बँकेत, शाळेत, हळदीकुंकवाला जात आहेत. तोच पाय, तीच लेगिंग, फक्त वरचा कुर्ता जाऊन टी-शर्ट आला की माना वळतात. म्हणजे सगळा वाद कमरेखालच्या वीतभर जागेचा आहे.

दुसरी गोष्ट, कपड्यापेक्षा संदर्भ मोठा. छातीवर शर्यतीचा नंबर असेल तर त्याच टाइट्समध्ये माणूस इराण्याकडे बसून बनमस्का खातो आणि कुणाला काही वाटत नाही. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी सीएसएमटीवरून सुटणाऱ्या लोकलमध्ये अर्धा डबा तसाच असतो. सोमवारी दुपारी त्याच डब्यात तोच पोशाख विचित्र दिसतो, कारण ‘ही आत्ता पळून आली आहे’ हे सांगणारं आजूबाजूला काही उरत नाही. सकाळी साधारण साडेसातपर्यंत तळजाई, वेताळ टेकडी, शिवाजी पार्क इथे प्रश्नच नाही. नऊनंतर रस्त्यावर ऑफिस-शाळेची माणसं आली की वाढतो.

जागेनुसार सांगायचं तर डेअरी आणि किराणा ही दोन मिनिटांची कामं, बिनधास्त जा. मंडईत अडचण वेगळीच आहे. माल खाली मांडलेला असतो, आपण कमरेतून वाकतो आणि मागून रांग असते. वाकण्याऐवजी विक्रेत्याकडे तोंड करून उकिडवं बसा. बँक, पोस्ट, सरकारी कचेरी, दवाखाना इथे टोकन घेऊन बसायचं असतं, शिवाय एसीत ओले कपडे गार पडतात, तिथे वरून काहीतरी हवंच. सांत्वनाला किंवा कुणाच्या घरी आजारी माणसाला बघायला जायचं असेल तर मात्र खरंच घरी जाऊन बदला. तिथे आपल्या सोयीपेक्षा समोरच्या घराचं दुःख मोठं असतं.

वरून काय घालायचं: बायकांचा खेळाचा टी-शर्ट खांद्यापासून खालच्या दुमडीपर्यंत २४-२५ इंच असतो, तो कमरेच्या हाडापाशी संपतो. पाच फूट दोन-चार इंच उंचीला २९-३० इंच लांबीचा घेतला तर मागचा भाग झाकला जातो. मात्र दोन्ही बाजूंना चार-पाच इंचांचे चिरे हवेत, नाहीतर पळताना मांडीला अडकून वर गोळा होतो. दुसरा पर्याय पातळ विंडचीटर. मुठीत मावेल इतका लहान होतो, बाह्या पुढे बांधून कमरेला लावला की झालं. तिसरा आणि सगळ्यात स्वस्त: सुती पंचा. घाम पुसा, झटका, कमरेला गुंडाळा.

---

कापडचोपड · १०.३०

वरचं सगळं ठीक, पण निम्म्या तक्रारी कपडा घट्ट असल्याच्या नसतातच. कपडा पारदर्शक झालेला असतो, आणि घालणाऱ्याला ते माहीत नसतं. म्हणून जरा लांबवून लिहितो.

टाइट्सचं कापड विणलेलं असतं, म्हणजे धाग्यांच्या फासांचं. ताणलं की फासे उघडतात, मधल्या फटीतून आतलं दिसतं. कापडाचं वजन प्रति चौरस मीटर ग्रॅममध्ये मोजतात, दुकानदार त्याला जीएसएम म्हणतात. १८० च्या खालचं कापड कुर्त्याखाली चालतं, एकटं नाही. एकट्याने वापरायला २२० ते २८० बघा. ३०० च्या वर गेलात तर आपल्या हवेत भाजून निघाल. नुसतं वजनही पुरत नाही. एकेरी विणीपेक्षा दुहेरी वीण, म्हणजे इंटरलॉक, ताणल्यावर खूपच कमी उघडते. ओळखायची खूण अशी: एकेरी विणीची उलटी बाजू वेगळी दिसते आणि कापलेली कड गुंडाळत जाते; इंटरलॉक दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं आणि कड सपाट राहते.

मिश्रण वाचा. नायलॉन ७५-८० टक्के, बाकी स्पँडेक्स (लायक्रा म्हणतात तेच, १९५८ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत हा धागा निघाला) हे चांगलं. पॉलिएस्टर ८५, स्पँडेक्स १५ हे स्वस्त आणि टिकाऊ, पण घामाचा वास धरून ठेवतं. सुती ९५, स्पँडेक्स ५ ही आपली नेहमीची कुर्त्याखालची लेगिंग. ती पळायला नको. सूत पाणी धरून ठेवतं, जड होतं, गुडघ्याला फुगे येतात, आसन (दोन्ही पाय जुळतात तिथला भाग) खाली लोंबतं आणि मांड्या काचतात.

दुकानात तपासायची पद्धत:

१. चाचणी-खोलीच्या पिवळ्या दिव्यात नको. दाराजवळ, उजेडात.
२. आत कापडाच्या विरुद्ध रंगाचं अंतर्वस्त्र हवं. काळ्याखाली काळं घालून तपासलं तर काहीच कळत नाही.
३. पूर्ण उकिडवं बसून आरशात मागून बघा. कापड तिथे सगळ्यात जास्त ताणतं. (टेकडीकरांची मंडईतली युक्ती वापरणार असाल तर हे आधी कराच!)
४. आत मूठ घालून कापड ताणा आणि खिडकीसमोर धरा. बोटांची पेरं मोजता आली तर परत ठेवा.

छापील नक्षीच्या टाइट्सचा घोळ वेगळा. कापड मुळात पांढरं असतं आणि रंग फक्त वरच्या पृष्ठावर छापलेला. ताणलं की आतला पांढरा धागा उघडा पडतो आणि नितंबावरची फुलं अचानक फिकट होतात. धागाच रंगवलेलं गडद कापड असेल तर हे होत नाही.

रंग: राखाडी मेलान्ज (फिकट-गडद धाग्यांची मिसळ) टाळा. कोरडं असताना सुंदर, पण घामाचा प्रत्येक डाग नकाशासारखा उमटतो, आणि तो नेमका कुठे उमटतो हे सांगायला नको. पांढरं आणि फिकट गुलाबी ओलं झालं की आरपार दिसतं, कारण धाग्यांमधल्या हवेची जागा पाणी घेतं आणि उजेड विखुरण्याऐवजी आत जातो. काळा, नेव्ही, गडद वाइन, बाटली-हिरवा हे बिनधोक.

शिवण: आसनाजवळ शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला आहे का बघा. तो नसेल तर चारही शिवणी एका बिंदूत येतात, पुढची मधली शिवण वर ओढली जाते आणि रुतते. दिसायला वाईट आणि दहा किलोमीटरनंतर दुखायलाही. पुढे मधोमध शिवणच नसलेले टाइट्सही मिळतात, बाजारहाट करायची असेल तर ते घ्या. नेफा चार बोटं रुंद, उंच कमरेचा आणि आत नाडी असलेला. अरुंद नेफा गुंडाळत खाली येतो, मग दर शंभर पावलांनी कपडा वर ओढावा लागतो, आणि लोकांचं लक्ष त्या ओढण्याकडे जातं. एक माप लहान घेऊन ‘पोट आत जाईल’ हा हिशेब करू नका. लहान माप म्हणजे जास्त ताण, म्हणजे जास्त पारदर्शक.

धुताना उलटं करून, गार पाण्यात. फॅब्रिक सॉफ्टनर, ड्रायर आणि इस्त्री नको, कडक उन्हात वाळवणंही नको. लवचीक धागा उष्णतेने आणि क्लोरीनने तुटतो. वर्ष-दीड वर्ष रोज वापरलेले टाइट्स बसायच्या जागी विरतात, ते मग कुर्त्याखाली वापरायला काढा.

---

दोन_चाकं · ११.०५

पुरुषांच्या चड्ड्यांबद्दल विचारलंय, तर ऐका.

सायकलच्या चड्डीत सेंटिमीटरभर जाड पॅड असतो आणि तिच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं. घातलं तर त्याची शिवण खोगीर आणि कातडीच्या मध्ये येते आणि चाळीस किलोमीटरनंतर सोलवटतं. कपडा घट्ट असायचं कारण तेच: पॅड जागेवरून हलता कामा नये. शिवाय सैल पायचा साखळीत जातो. यात शोभेचा भाग शून्य.

पण सायकलवरून उतरल्यावर हाच कपडा बाळाच्या लंगोटासारखा दिसतो आणि पुढून सगळं ठळक. इथे पुरुषांना एक सवलत मिळते असं वाटतं, लोक हसतात आणि सोडून देतात. ती सवलत गृहीत धरून शाळेच्या फाटकाशी उभं राहणारे महाभाग आहेत. नका उभं राहू. वरून सैल हाफ पँट घाला. इलास्टिकची, गुडघ्याच्या किंचित वरपर्यंतची, पातळ नायलॉनची. पायडल मारताना अडत नसेल तर वरच राहू द्या. अडत असेल तर जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा आणि मिसळीच्या हॉटेलात शिरण्याआधी चढवा. बिब शॉर्ट असेल (खांद्यावर पट्टे असलेली) तर जर्सीची चेन पूर्ण लावून आत जा, नाहीतर पट्टे आणि बनियन असं ध्यान समोर बसतं.

पळणाऱ्या पुरुषांना सोपं आहे: आत घट्ट, वर पाच-सात इंच पायाची सैल चड्डी, एकत्र शिवलेली मिळते.

आणि जुनी चड्डी. मागचं लायक्रा विरलं की कळायला मार्ग नसतो, कारण ते दिसतं फक्त मागच्या सायकलस्वाराला. ग्रुपमध्ये हे सांगणं असभ्य नाही, न सांगणं आहे. बाजूला घेऊन ‘चड्डी बदलायला झाली’ एवढंच म्हणायचं. पांढऱ्या बिब शॉर्टबद्दल मी काही लिहीत नाही, पावसाळा येईल तेव्हा ज्याचं त्याला कळेल.

राइड संपल्यावर ओल्या पॅडवर तासन्‌तास बसू नका. केसतोड आणि गजकर्ण, दोन्ही तिथेच होतात. नाश्ता लांबणार असेल तर कोरडी चड्डी सोबत ठेवा. लोकांना काय वाटेल हे बाजूला ठेवलं तरी बदलायला हे कारण पुरे.

---

लाल_माती · ११.२०

कोल्हापूरच्या तालमीत हा प्रश्न कधीच सुटलाय राव. हौद्यात (कुस्तीच्या लाल मातीत) लंगोट, हौद्याबाहेर लुंगी नाहीतर लेंगा. पैलवान रस्त्यावर लंगोटात हिंडत नाही आणि हौद्यात कुणी त्याला ‘अंग झाक’ म्हणत नाही. दोरीच्या मल्लखांबावर मुलीही अंगाबरोबर बसणारा पोशाखच घालतात, सैल कापड दोरीच्या पेचात अडकलं तर जीवाशी खेळ. आपल्याकडे तंग कपडा नवा नाही. पेशवाईतली सुरवार काय ढगळ होती का?

---

स्पष्टवक्ती · ११.५०

सगळे पंचे-लुंग्या मान्य, पण या चर्चेत एक गोष्ट राहून चालली आहे. बोलणी सगळ्यांना सारखी बसत नाहीत. बारीक, विशीतली मुलगी त्याच टाइट्समध्ये ‘फिट’ दिसते. पंचेचाळिशीची, वजन कमी करायला बाहेर पडलेली बाई ‘शोभतं का हे वयाला’ ऐकते. मांड्या जाड असतील तर घट्ट कपडा जास्त गरजेचा, कारण मांडीला मांडी घासते, घामाचं मीठ साचतं आणि सैल चड्डी वर चढून कातडी सोलते. ज्यांना गरज सर्वात जास्त त्यांनाच आपण सर्वात जास्त बोलतो.

पोहण्याच्या तलावावर तर उलटा नियम आहे. तिथे नायलॉनचा तंग पोशाख सक्तीचा, सुती सैल कपड्यांना मनाई, कारण सुताचे तंतू गाळणीत जातात. दहा पावलं बाहेर आलात की तोच पोशाख असभ्य! आणि बारामतीच्या शर्यतीत नऊवारीत अनवाणी धावून जिंकलेल्या लता करे यांचं उदाहरण देऊन ‘बघा, साडीतही पळता येतं’ असं सांगणाऱ्यांना विनंती: त्यांच्याकडे बूट घ्यायचीही सोय नव्हती. तो नाइलाज होता, पोशाखाचा सल्ला नव्हे.

त्यामुळे ‘झाका’ हा सल्ला देताना कुणासाठी झाकतोय ते बोला.

---

टेकडीकर · १२.०५

स्पष्टवक्तीताई, वयाचा आणि वजनाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो मी लिहायलाच हवा होता. पण पंचा माफी मागायला नाही. बँकेत चाळीस मिनिटं टोकनची वाट बघताना सतत टी-शर्ट खाली ओढत बसण्यापेक्षा कमरेला एक कापड बरं, इतकंच. ज्यांना ओढावंसं वाटत नाही त्यांना त्याची गरज नाही.

---

कलमवाली · दुपारी १.३०

कायद्याचं आणि नियमांचं.

अश्लीलता. घट्ट किंवा आखूड कपडे घालणं हा गुन्हा नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने उमरेडजवळच्या एका रिसॉर्टमधल्या नाचाच्या प्रकरणातला गुन्हा रद्द करताना हेच म्हटलं: आखूड कपडे आणि नाच एवढ्यावरून ते कृत्य अश्लील ठरत नाही. ते प्रकरण भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ खालचं होतं, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम २९६ आहे.

सोसायटी. समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशाला विनंती समजा. दंड लावायचा तर उपविधीत आधार आणि सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. २०२३ च्या जूनमध्ये ग्रेटर नोएडातल्या एका सोसायटीने उद्यानात लुंगी आणि नाइटी घालून फिरू नका असं पत्रक काढलं आणि देशभर गाजलं. म्हणजे घट्टही नको आणि ढगळही नको! लेखी उत्तर द्यायचं असेल तर दोन ओळींत विचारा: कोणत्या उपविधीनुसार, आणि ‘योग्य’ची व्याख्या काय. आवाज चढवू नका, सभेच्या इतिवृत्तात नोंद मागा.

देऊळ. इथे मामला वेगळा, संस्थान आपला नियम लावू शकतं. तुळजापूरला मे २०२३ मध्ये फलक लागले आणि विरोध झाल्यावर लगेच मागे घेतले. सिद्धिविनायक न्यासाने जानेवारी २०२५ मध्ये अंगप्रदर्शन करणारे, आखूड आणि फाटके कपडे घालून येणाऱ्यांना प्रवेश नाही असं जाहीर केलं. टाइट्सचं नाव त्यात नाही, त्यामुळे दारावरचा माणूस ठरवतो. त्याच्याशी हुज्जत घालून दर्शन होत नाही. गुडघ्याखाली जाईल अशी ओढणी किंवा पंचा गुंडाळा.

त्रास. लैंगिक अर्थाचा शेरा: न्याय संहितेचं कलम ७५, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शब्द, आवाज, हावभाव करून स्त्रीच्या लज्जेचा अपमान: कलम ७९, तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. पाठलाग: कलम ७८. चोरून फोटोचं कलम ७७ मात्र खासगी कृतीसाठी आहे. रस्त्यावर कपड्यात असलेल्या बाईचा फोटो त्यात सहज बसत नाही, तो सहसा ७९ खाली किंवा पाठलाग म्हणून मांडावा लागतो. म्हणून वेळ, जागा, गाडीचा नंबर, आजूबाजूच्या दुकानाचा कॅमेरा हे लगेच टिपून ठेवा. दुकानातलं चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, त्यामुळे तक्रार त्याच दिवशी. तातडीला ११२, रेल्वेत १३९. फोटो काढणाऱ्याचा फोन हिसकावू नका, उलट तक्रार तुमच्यावरच होते.

---

वाळवंटी_मराठी · २.१०

दुबईत येणाऱ्यांसाठी एवढंच: मॉलच्या दारात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत असे फलक असतात. पूर्ण लांबीचे टाइट्स आणि लांब टी-शर्ट असेल तर सहसा कुणी हटकत नाही. नुसती स्पोर्ट्‌स ब्रा घालून जिममधून थेट मॉलमध्ये नको.

---

पहाटवारा · संध्याकाळी ६.३०

सगळ्यांचे आभार. घरातल्या टाइट्स खिडकीसमोर धरून झाल्या, सातपैकी तीन बाद! दोन शंका राहिल्या. पर्वतीला आम्ही १०३ पायऱ्या चार-पाच वेळा चढतो-उतरतो आणि वर देवळं आहेत, तिथे प्रत्येक फेरीला काही गुंडाळायचं का? आणि ‘अगं, असं का घालतेस’ म्हणणाऱ्या शेजारच्या आजींना काय सांगायचं?

---

टेकडीकर · ६.५०

फेऱ्यांना नाही. वरच्या टप्प्यावरून वळून खाली या, तसं बरेच जण करतात. दर्शन शेवटच्या फेरीला ठेवा, तोवर श्वासही खाली येतो आणि घामही थोडा सुकतो. पंचा तेव्हाच काढा. कमरेला गुंडाळून पायऱ्या उतरू नका, पायात येतो. देवळातून बाहेर पडलात की सोडून खांद्यावर टाका.

---

स्पष्टवक्ती · ७.०५

आजींना खरं कारण सांगा: ‘सैल घातलं की मांड्या काचतात, आजी.’ काचणं म्हणजे काय ते त्यांना कुणी समजावून सांगायला लागत नाही, आयुष्यभर साडी-परकराची नाडी काचलेली असते. कापडाला हात लावून बघू द्या. बहुतेक वेळा पुढचा प्रश्न ‘केवढ्याला मिळतं?’ हाच येतो.

---

कापडचोपड · ७.२०

आणि आला तर त्यांना सुती ९५-५ वालं सांगा, सैल मापाचं. चालायला तेच उत्तम, आणि आसनाचा तुकडा बघून घ्यायला सांगा.